मोबाईलवर गाजलेली मू डेंग नेमकी कोण? बुटक्या पाणघोड्याच्या वाढदिवसामागची जंगलाची गोष्ट

ओलंचिंब, गोलमटोल, तोंड वासून मालकाच्या गुडघ्याला चावायला धावणारं एक पिल्लू बहुतेकांनी व्हॉट्सअॅपवर नाहीतर रीलमध्ये पाहिलेलं आहे. कुणी त्याला डुक्कर म्हणतं, कुणी म्हशीचं रेडकू, तर कुणी म्हणतं हे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र आहे. हे पिल्लू खरं आहे. तिचं नाव मू डेंग. ती थायलंडमधल्या एका प्राणीसंग्रहालयात राहते आणि ती आहे पाणघोड्याची मादी. पण आपल्याला माहीत असलेला अजस्र पाणघोडा तो हा नाही. हा त्याचा बुटका भाऊबंद.

तिच्या नावानं जत्रा भरते, केक कापला जातो, लेकराबाळांसह माणसं रांगा लावतात. मात्र ज्या जंगलातून ही जात आली, तिथं मोजून दोन-अडीच हजार प्रौढ जनावरं उरली असावीत असा अंदाज आहे. एकीकडे करोडो लाईक आणि दुसरीकडे संपत चाललेली जात, हे कसं काय? प्राणीसंग्रहालयातल्या अशा सोहळ्यांचा जंगलातल्या जनावराला काही उपयोग होतो का? समजून घेऊ.

वाढदिवसाला काय झालं?

मू डेंगचा जन्म १० जुलै २०२४ चा. जागा म्हणजे थायलंडच्या चोनबुरी प्रांतातलं खाओ खेओ हे मोकळ्या पद्धतीचं प्राणीसंग्रहालय. बँकॉकहून गाडीनं दीड-दोन तासांवर. आईचं नाव जोना, बापाचं टोनी. नाव ठेवण्यासाठी प्राणीसंग्रहालयानं लोकांचीच मतं घेतली आणि 'मू डेंग' हे नाव निवडून आलं. थाई भाषेत त्याचा अर्थ उड्या मारणारं डुक्कर, किंवा तिथल्या एका मटणगोळ्याच्या पदार्थाचं नाव. तिच्या भावंडांची नावंही अशीच खाण्याच्या पदार्थांवरून ठेवलेली आहेत. पाणघोड्याचं डुकराशी नातं मात्र फक्त दिसण्यापुरतं. शास्त्रज्ञांच्या मते आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पाणघोड्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे समुद्रातला देवमासा.

तिची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यानं तिचे व्हिडिओ टाकले आणि दोन महिन्यांत ती जगभर पोचली. दिवसाला हजारो माणसं यायला लागली. गर्दी इतकी झाली की शनिवार-रविवारी प्रत्येकाला फक्त पाच मिनिटं बघायला मिळतील असा नियम करावा लागला. काही जणांनी झोपलेल्या पिल्लाला उठवायला पाणी उडवलं, शिंपले फेकले. मग कॅमेरे बसवले आणि त्रास देणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करू असा इशारा द्यावा लागला.

जुलै २०२५ मध्ये ती एक वर्षाची झाली तेव्हा प्राणीसंग्रहालयानं चार दिवसांचा कार्यक्रम ठेवला. फळं आणि भाज्या रचून केलेला मोठा केक तिच्यापुढं ठेवला. तिनं तो कापला नाही, सरळ खाल्ला. अनेक कुटुंबं परदेशातून खास त्यासाठी आली होती. आपल्याकडे बैलपोळ्याला जसं जनावराला सजवून गोड घास देतात, तसाच काहीसा प्रकार. फरक एवढाच की इथं जनावर एक आणि बघणारे हजारो.

असे सोहळे फक्त थायलंडमध्ये होत नाहीत. २०२४ मध्येच जर्मनीत बर्लिनच्या आणि स्कॉटलंडमध्ये एडिनबराच्या प्राणीसंग्रहालयात याच जातीची पिल्लं जन्मली आणि तिथंही लोकांनी गर्दी केली. दरवर्षी १५ फेब्रुवारीला जागतिक पाणघोडा दिनही पाळला जातो.

मोठा पाणघोडा आणि बुटका पाणघोडा: फरक काय?

मुंबईच्या राणीच्या बागेत सहलीला गेलेल्यांनी पाणघोडा पाहिला असेल. तो मोठा पाणघोडा. त्याचं वजन दीड टनाच्या आसपास असतं आणि मोठा नर त्याहून बराच जड भरतो. बुटका पाणघोडा १८० ते २७५ किलोचा, म्हणजे आपल्या गोठ्यातल्या एखाद्या वाढत्या वगारीएवढा. उंची पाऊण ते एक मीटर, माणसाच्या कमरेला लागेल इतकी. तो मोठ्याचं पिल्लू नाही, जातच वेगळी आहे.

दोघांच्या राहण्यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठा पाणघोडा कळपानं नदीत, तळ्यात पडून असतो आणि रात्री माळावर गवत चरतो. बुटका एकटा राहतो. त्याला दाट, दमट जंगल लागतं. दिवसा तो ओढ्यात, दलदलीत किंवा काठाच्या कपारीत लपून बसतो. अंधार पडला की ठरलेल्या वाटांनी फिरतो आणि झाडपाला, नेचे, कोवळे कोंब, खाली पडलेली फळं खातो. शेपटी गरागरा फिरवून शेण झाडाझुडपांवर उडवतो. ती त्याची हद्दीची खूण.

अंगाची ठेवणही त्याच हिशोबानं आहे. मोठ्याचे डोळे डोक्याच्या वर असतात, म्हणजे अंग पाण्यात ठेवूनही त्याला बाहेर दिसतं. बुटक्याचे डोळे बाजूला असतात. पायाची बोटं जास्त मोकळी, चिखलात आणि जंगलात चालायला बरी. पाठ पुढे उतरती, त्यामुळे झाडोऱ्यातून घुसायला सोपं जातं.

कातडीबद्दल एक गंमत आहे. व्हिडिओत मू डेंग तेल लावल्यासारखी चकाकते. पाणघोड्याच्या कातडीतून एक चिकट, गुलाबीसर पातळ द्रव पाझरतो. लोक त्याला 'रक्ताचा घाम' म्हणतात, पण ते रक्तही नाही आणि घामही नाही. तो द्रव उन्हापासून आणि जखमेत होणाऱ्या संसर्गापासून कातडी राखतो. तरीही कातडी लवकर सुकते, म्हणून त्याला पाणी आणि सावली दोन्ही लागतातच.

मादी साधारण साडेसहा-सात महिने गाभण राहते आणि एका वेताला एकच पिल्लू होतं. म्हशीचं रेडकू जन्मतः तीसेक किलोचं असतं, तर हे पिल्लू पाच-सहा किलोचं. सुरुवातीला त्याला नीट पोहताही येत नाही. म्हणून प्राणीसंग्रहालयात पहिले काही दिवस हौदातलं पाणी कमी ठेवतात. जंगलात आई पिल्लाला झुडपात लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. सहा-आठ महिन्यांनी पिल्लू दूध सोडतं.

हा राहतो कुठं?

थायलंड हा काही त्याचा मुलूख नाही. बुटका पाणघोडा मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट या चार देशांत मिळून तो सापडतो. नायजेरियात त्याची एक वेगळी उपजात होती, ती बहुधा संपली. जगभरच्या प्राण्यांची धोक्याची यादी करणाऱ्या आययूसीएन या संस्थेनं त्याला 'संकटग्रस्त' गटात टाकलं आहे. २०१५ च्या त्यांच्या अंदाजात प्रौढ जनावरांचा आकडा अडीच हजारांच्या आतच होता. मोजणी मात्र अवघड आहे. जनावर लाजाळू, रात्रीचं आणि जंगल दाट. त्यामुळे झाडाला बांधलेले कॅमेरे, पायाचे ठसे आणि शेण यावरूनच हिशोब लावावा लागतो.

तिथल्या लोकांत या प्राण्याच्या दंतकथाही आहेत. एक अशी की, रात्री जंगलातून वाट दिसावी म्हणून तो तोंडात लखलखणारा हिरा धरून चालतो आणि दिवसा तो हिरा लपवून ठेवतो. रात्री त्याला गाठलं तर हिरा मिळतो म्हणे. आपल्याकडच्या नागमण्यासारखीच ही गोष्ट. नागमण्याच्या नादात आपल्याकडे कितीतरी नाग मेले. तिथंही जंगलातल्या जनावराकडे माणसानं लोभानंच पाहिलं.

बाहेरच्या जगाला हा प्राणी तसा उशिरा कळला. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन यांनी लायबेरियातून आलेल्या कवट्या तपासून ही वेगळी जात असल्याचं मांडलं. पण कित्येकांना ते पटलंच नाही. १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हान्स शोमबुर्क या जर्मन माणसानं लायबेरियातून जिवंत जनावरं पकडून युरोपात नेली, तेव्हा लोकांची खात्री पटली.

जंगल गेलं कुठं?

या जनावराची मुख्य अडचण शिकार नाही, जागा आहे. शिकार होते, मटणासाठी होते. पण त्याहून मोठा घाव जंगलतोडीचा.

त्याची एक जुनी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या फायरस्टोन या टायर कंपनीनं लायबेरिया सरकारशी करार केला. दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, एकरी सहा सेंट भाड्यानं. कशासाठी, तर मोटारींच्या टायरला लागणाऱ्या रबराच्या बागा लावायला. लगेच पुढच्या वर्षी, १९२७ मध्ये, कंपनीचे मालक हार्वे फायरस्टोन यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना लायबेरियातला एक बुटका पाणघोडा भेट म्हणून दिला. त्याचं नाव बिली. कूलिज यांनी तो वॉशिंग्टनच्या प्राणीसंग्रहालयाला दिला. बिलीला पुढं बरीच पिल्लं झाली आणि अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयांतले आजचे बहुतेक बुटके पाणघोडे त्याच्याच वंशातले आहेत.

म्हणजे ज्या हातानं रबराच्या बागेसाठी जंगलाची जमीन घेतली, त्याच हातानं जंगलातलं जनावर भेट दिलं. जनावर बघायला लोकांनी गर्दी केली. जंगलाकडे बघायला कुणी गेलं नाही. आजही तीच चूक होऊ शकते.

रबरानंतर कोको आला. चॉकलेट ज्या बीपासून बनतं, तो कोको जगात सगळ्यात जास्त पिकतो आयव्हरी कोस्टमध्ये. १९६० मध्ये हा देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून तिथलं बहुतेक जंगल संपलं आणि त्यातलं बरंचसं कोकोच्या बागांखाली गेलं. या बागा लावणारे बडे जमीनदार नाहीत. बहुतांश लहान शेतकरी, चार-पाच हेक्टरच्या आतले. झाडं जुनी झाली, जमिनीचा कस गेला की पुढचं जंगल तोडून नवी बाग. भाव दलाल आणि परदेशी बाजार ठरवतो. शेतकऱ्याच्या हातात चॉकलेटच्या किमतीतला फारच थोडा वाटा पडतो. आपल्याकडच्या कांदा-कापूसवाल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्यावर भर म्हणजे लाकूडतोड, सोन्याच्या चोरट्या खाणी आणि युद्ध. लायबेरियात १९८९ पासून २००३ पर्यंत यादवी सुरू-बंद होत राहिली. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ युद्ध चाललं. माणसं जीव वाचवायला जंगलात शिरली, जे मिळेल ते खाल्लं. लायबेरियाचं सापो हे पहिलं राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये झालं खरं, पण युद्धाच्या काळात तिथं राखणदारी उरली नव्हती. नंतर सोनं काढणारे आत शिरले, त्यांना बाहेर काढावं लागलं.

पाणघोडा शेतात शिरला तर?

जंगल तुकड्या-तुकड्यांत उरलं की जनावर शेतात येणार. बुटका पाणघोडा रात्री नदीकाठच्या शेतात शिरतो. भेंडी, रताळी, कसावा अशा पिकांवर तोंड टाकतो. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. तिथल्या गरीब घराचं ते रोजचं पोट भरणारं पीक आहे. रात्रीत दोन गुंठे साफ झाले तर त्या घराला बसणारा फटका रानडुकरानं भुईमूग उकरून टाकलेल्या घराला लगेच कळेल.

तो शेतकरी मग काय करतो? फास लावतो, भाला मारतो, नाहीतर राखण करतो. शहरात बसून 'गोंडस आहे, मारू नका' म्हणणं सोपं आहे. रात्रभर राखणीला बसणाऱ्याला नुसता उपदेश पुरत नाही.

म्हणूनच तिथं काम करणाऱ्या संस्थांनी वाट थोडी बदलली. सिएरा लिओनच्या गोला जंगलाभोवतीच्या गावांना जंगल राखण्याच्या बदल्यात काही मोबदला मिळतो. झाडं उभी ठेवली, धूर-कार्बन कमी झाला, त्याचे पैसे बाहेरच्या कंपन्यांकडून येतात आणि त्यातला वाटा गावांपर्यंत जातो. सावलीतल्या, जंगल न तोडता वाढवलेल्या कोकोला चांगला भाव मिळवून द्यायचा प्रयत्न चालतो. गावातलीच पोरं कॅमेरे लावणं, ठसे मोजणं ही कामं पगारावर करतात.

याच भागातलं मोआ नदीतलं तिवाई बेट अवघं बारा चौरस किलोमीटरचं, पण तिथं बुटका पाणघोडा टिकून आहे. आजूबाजूच्या गावांच्या संमतीनंच ते बेट राखलं गेलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं गोला आणि तिवाई मिळून जागतिक वारसा जाहीर केला. सिएरा लिओनचं हे पहिलंच वारसास्थळ. आयव्हरी कोस्टमधलं ताई राष्ट्रीय उद्यान १९८२ पासून या यादीत आहे आणि बुटक्या पाणघोड्यांचा मोठा आसरा तेच मानलं जातं.

मग प्राणीसंग्रहालयाचा उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे. पिंजऱ्यातलं जनावर दाखवून जंगल कसं वाचेल?

पहिला उपयोग राखीव बियाण्याचा. जुने शेतकरी पेरणी झाल्यावरही एक मडकं बी राखून ठेवायचे, दुबार पेरणीची वेळ आली तर. जगभरातल्या प्राणीसंग्रहालयांत मिळून काही शेकडा बुटके पाणघोडे आहेत. जंगलात उद्या साथ आली, युद्ध पेटलं, तरी जात पूर्ण पुसली जाणार नाही, एवढी ती हमी.

पण बियाणं राखायचं तर शुद्ध राखावं लागतं. एकाच वळूनं पिढ्यान् पिढ्या गायी भरवल्या तर वासरं अशक्त होतात हे प्रत्येक दूधवाल्याला माहीत आहे. इथंही तेच. म्हणून प्रत्येक जनावराची आई कोण, बाप कोण, जन्म कुठला, मेलं कधी याची एक जागतिक नोंदवही ठेवतात. ती सांभाळते स्वित्झर्लंडमधलं बाझलचं प्राणीसंग्रहालय. कुठला नर कुठल्या मादीला लावायचा, कोणतं पिल्लू कोणत्या देशात पाठवायचं, हे अशा वंशावळीवरून ठरवता येतं.

यात एक वेगळीच अडचण आली. प्राणीसंग्रहालयांत जन्मणाऱ्या पिल्लांत माद्या जास्त आणि नर कमी. आपल्याकडे कालवड व्हावी म्हणून महागडं सेक्स्ड सीमेन आणतात, तिथं उलट चिंता. नर कमी पडले तर तेच ते नर वापरावे लागतात आणि वंश अरुंद होतो. संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की याचं कारण नराच्या वीर्यातच आहे. त्यात मादी पिल्लू होणारे शुक्राणू जास्त असतात.

दुसरा उपयोग माहितीचा. जंगलात हे जनावर दिसतच नाही. गाभण किती दिवस राहतं, पिल्लाचं वजन किती, आजार कोणते, हे बरंचसं प्राणीसंग्रहालयांतूनच कळलं.

तिसरा उपयोग पैशाचा, आणि इथं नीट लक्ष द्यायला हवं. तिकिटाचा पैसा आधी त्या बागेच्याच चारा-पाणी, पगार, डॉक्टर यावर खर्च होतो. तो आपोआप लायबेरियाच्या जंगलात पोचत नाही. त्यासाठी बागेनं ठरवून वाटा बाजूला काढावा लागतो आणि तिकडच्या संस्थेला द्यावा लागतो. काही बागा तसं करतात, काही करत नाहीत. मू डेंगच्या टी-शर्ट, बाहुल्या, चॉकलेट यांच्या विक्रीबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा: यातलं जंगलाला किती गेलं?

शंका घेणाऱ्यांचंही ऐकायला हवं. एकटं राहणाऱ्या, रात्री फिरणाऱ्या जनावराला दिवसा हजारो माणसांपुढं ठेवणं त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. म्हणूनच चांगल्या बागेत लपायला जागा, खोल पाणी, सावली आणि गर्दीपासून सुट्टी या चार गोष्टी असायलाच हव्यात. दुसरा धोका व्हिडिओचा. पिल्लू इतकं गोड दिसतं की कुणाला वाटावं, असं एखादं पाळावं. मोठं झालेलं हे जनावर अडीचशे किलोचं होतं आणि त्याचे सुळे माणसाला फाडू शकतात. हे पाळायचं जनावर नाही.

कुटुंबासाठीच्या अशा दिवशी काय असतं?

जगभरातल्या बऱ्याच बागांत अशा कार्यक्रमाचा साचा सारखाच असतो. जनावराला खाऊ घालायची वेळ जाहीर केलेली असते. देखभाल करणारा माणूस समोर उभा राहून माहिती सांगतो, मुलांचे प्रश्न घेतो. मुलांसाठी चित्रं, पायाच्या ठशांचा खेळ, प्रश्नमंजुषा. जंगलासाठी देणगीची पेटी. एखादी कवटी किंवा दात हातात घेऊन बघायला.

यात खरं मोलाचं काय, तर त्या माणसाशी बोलणं. केक आणि फुगे दुसऱ्या दिवशी विसरले जातात. 'हा रात्री काय करतो? याचं जंगल कुठंय? तिथं किती उरलेत?' हे मुलानं विचारलं आणि उत्तर मिळालं, तर तो दिवस कारणी लागला.

याचा आपल्याशी काय संबंध?

राखीव बियाण्याची ही रीत आपल्याकडेही वापरली गेली आहे, तीही गिधाडांसाठी. दुखण्यावर जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं धडाधड मेली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र चालवलं गेलं आणि २०२४ मध्ये तिथली गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. म्हणजे बंदिस्त जागेत वाढवलेलं जनावर पुन्हा मोकळ्यावर नेता येतं. अट एकच, ज्यानं ते मेलं ते कारण आधी दूर व्हायला हवं. औषध चालूच राहिलं तर सोडलेली गिधाडंही मरणार. जंगल तुटतच राहिलं तर बाझलच्या वहीत कितीही पाणघोडे लिहिले तरी त्यांना सोडणार कुठं?

बुटक्या पाणघोड्यासाठी २०१३ मध्ये चारही देश धरून एक आराखडा तयार झाला. त्याचा गाभाही हाच: जंगल राखा, तुकडे जोडा, गावांना सोबत घ्या.

वाचकांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

शाळेची सहल किंवा घरचे मिळून प्राणीसंग्रहालयात जाणार असाल तर एवढं पाळा:

- जनावराला खायला टाकू नका. वेफर, शेंगदाणे, चपाती काहीच नको. पोटात प्लास्टिक गेलं तर जनावर दगावतं.
- झोपलेल्या जनावराला खडे मारून, ओरडून उठवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणीसंग्रहालयातल्या जनावराला त्रास देणं, खायला घालणं हा गुन्हा आहे.
- मुलांना पिंजऱ्याच्या कठड्यावर बसवून फोटो काढू नका.
- पाटी वाचा. जनावराचं नाव, मूळ गाव आणि किती उरलेत एवढं तरी मुलाला वाचायला लावा.
- जनावराचा व्हिडिओ पुढं पाठवण्याआधी तो कुठला, कधीचा हे बघा. जंगली जनावर विकायला असल्याचा मेसेज आला तर तो पुढं न पाठवता वनखात्याला कळवा.

मू डेंग आता मोठी होत आहे. पिल्लूपण सरलं की गर्दी ओसरेल, लोकांना दुसरं कुठलं तरी पिल्लू सापडेल. पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्याकाठी मात्र तिचे भाऊबंद आज रात्रीही चरायला निघतील, त्याच जुन्या वाटांनी. त्या वाटा जंगलात राहतील की कोकोच्या बागेत जाऊन संपतील, हे बरंचसं तिथला लहान शेतकरी ठरवणार आहे. जंगल राखून त्याच्या घरात चूल पेटली तर पाणघोडाही राहील.